आश्रमशाळेतल्या मुलांना नीटसाठी मार्गदर्शन: सुरुवात कुठून करावी?

रानपाखरू: नमस्कार. आम्ही एमबीबीएसचे बारा विद्यार्थी. मेळघाटातल्या धारणी तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत अकरावी विज्ञानाची चाळीस कोरकू आदिवासी मुलंमुली आहेत. नीट या वैद्यकीय प्रवेश परीक्षेसाठी महिन्याचे दोन रविवार जाऊन जीवशास्त्राचे तास घ्यायचा विचार आहे. काय चुकतं ते आधीच सांगा.

जुनी_नक्कल: तास नंतर, आधी कागद. मार्क मिळवूनही राखीव जागेच्या प्रवेशात पोरं अडकतात ती जात वैधतेत. जातीचा दाखला उपविभागीय अधिकारी देतात, वैधता म्हणजे तो दाखला खरा असल्याचं वेगळं प्रमाणपत्र. ती तपासणी समितीकडून येते आणि वेळ खाते. म्हणून अकरावीतच कॉलेजमार्फत अर्ज टाका. अनुसूचित जमातीसाठी 6 सप्टेंबर 1950 पूर्वीचा पुरावा सगळ्यात भक्कम. आजोबा शाळेतच गेले नसतील तर शाळेच्या दाखलखारीज रजिस्टरात नाव कुठून सापडणार? मग तहसीलच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुकाची नक्कल मागा. त्यात गावातले जन्म-मृत्यू जातीसह लिहिलेले असतात. अर्जात गाव, पणजोबाचं नाव आणि अंदाजे वर्षं घाला, नाहीतर शोधणारा काय शोधणार? वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात कुणाची वैधता झाली असेल तर ती सगळ्यात आधी मिळवा.

आणि नावं. दहावीच्या सनदेवर 'कासदेकर', आधारवर 'कास्देकर', बँकेत तिसरंच. वहीत प्रत्येक मुलाचं एक पान करा. दहावी, आधार, बँक, दाखला, चारही नावं एकाखाली एक उतरवा. फरक लगेच डोळ्यात भरतो.

पाटीपेन्सिल: नीटच्या 720 पैकी 360 गुण जीवशास्त्राचे, म्हणजे विषय बरोबर निवडलात. पण चाळीस जणांपुढे भाषण नको. एकाकडे तीन-चार मुलं, आणि वर्षभर तीच. माणूस बदलला की मुलं पुन्हा गप्प होतात. एनसीईआरटीची दोन पानं वाचायची, पुस्तक मिटायचं, मग मुलानं सांगायचं. कोरकूतून सांगितलं तरी चालेल, शेजारचा मराठीत आणेल. मूत्रपिंड शिकवताना बकऱ्याचा गुर्दा उभा चिरून दाखवा. बाहेरचा थर आणि आतला भाग रंगावरूनच वेगळे कळतात. परीक्षेला मराठी भाषा निवडली तरी शंका आल्यास इंग्रजी मजकूरच ग्राह्य धरतात, तेव्हा 'केंद्रक' आणि 'न्यूक्लियस' दोन्ही शब्द हवेत.

होळीचा आठवडा सोडा, कामाला गेलेली घरं तेव्हा गावी परततात. नीट बहुधा मे महिन्यात, ऐन तेंदूपत्त्याच्या हंगामात. पालकांशी फेब्रुवारीतच बोलून ठेवा.

रानपाखरू: मनापासून धन्यवाद. मुलींच्या वसतिगृहाचं कसं करावं? तिथेच सिकलसेल या आनुवंशिक रक्ताच्या आजाराची तपासणीही घ्यावी का?

जुनी_नक्कल: आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाची लेखी परवानगी घ्या, प्रत मुख्याध्यापकांना द्या. जाताना दोघं मिळून, आणि अधीक्षिका हजर असतानाच. मुलींचे फोन नंबर घेऊ नका, निरोप शाळेमार्फत. तपासणी मात्र अभ्यासाच्या दिवशी नको. ती आरोग्य केंद्रामार्फत, पालकांच्या संमतीनं होऊ द्या आणि निकाल बंद पाकिटात एकेकीच्या घरी जाऊ द्या. वर्गात नाव पुकारलं तर नुसती वाहक असलेली मुलगीही 'आजारी' ठरते आणि ते तिच्या सोयरिकीपर्यंत पोचतं.

नीटच्या अर्जात घरातला कायम सुरू राहणारा मोबाईल नंबर द्या. रिचार्ज संपला की ओटीपी येत नाही आणि प्रवेशाची फेरी निघून जाते. अर्ज क्रमांक त्याच वहीतल्या पानावर.