जंगल-किनारे राखणाऱ्यांचा सन्मान: तुमचे अनुभव लिहा

2025 साली चैत्राम पवारांना पद्मश्री जाहीर झाली, त्या दिवशी आमच्या घरी पेढे आणले. नातं काहीच नाही. साक्री तालुक्यातल्या त्यांच्या बारीपाड्याला एकदा वनभाज्यांच्या स्पर्धेला गेले होते, तेवढीच ओळख. ओळीने मांडलेल्या रानभाज्या, आणि प्रत्येक बाई आपली भाजी कुठल्या अंगाला उगवते, कधी खुडायची, कितीदा उकळून कडूपणा काढायचा हे हौसेने सांगत होती. बोडका झालेला डोंगर या गावाने 1990च्या दशकापासून कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळून राखला. आज तिथे सुमारे 1,100 एकर जंगल आहे. पद्मश्री एकाच्या नावावर, पण मला ती सगळ्या पाड्याची वाटते. तुमच्या भागातल्या अशा माणसांबद्दल लिहा, शाल-श्रीफळ मिळालेलं असो वा नसो.

*

मी मूळचा मंडणगडकडचा, आता डोंबिवलीत. आमच्या लहानपणी किनाऱ्यावरची कासवाची अंडी लोक सर्रास काढून न्यायचे. 2002 मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने वेळासला संरक्षणाचं काम सुरू केलं आणि गावातलीच माणसं सोबत घेतली. पहाटे किनारा तुडवायचा, मादीचा माग दिसला की घरटं शोधायचं, अंडी अलगद उचलून कुंपणातल्या तेवढ्याच खोल खड्ड्यात ठेवायची आणि पुढे दीड-दोन महिने राखण करायची.

गेल्या वर्षी लेकीला घेऊन गेलो. सकाळी कासवमित्राने टोपली उचलली तर आत वाळूने माखलेली एकवीस पिल्लं, एकेक तळहातात मावेल एवढं. पाण्यापासून थोडं अलीकडे सोडली. एका पिल्लाला लाटेने दोनदा मागे फेकलं, तिसऱ्यांदा ते गेलं. लेक वळली आणि त्या दादाच्या पाया पडली. आम्ही कुणी सांगितलं नव्हतं. तो पार गोंधळला, "अगो बाय, माझ्या काय पाया पडतेस!" एवढंच म्हणाला.

*

मालवणकडची आहे. आमच्या देवराईतली वाळलेली काटकीसुद्धा कुणी घरी नेत नाही. पुरस्काराचं कधी कुणाच्या मनातही आलं नसेल. जत्रेला पहिला नारळ राखणदाराचा, म्हणजे देवराई राखणाऱ्या देवाचा, बस.

*

काही वर्षं गडचिरोलीत नोकरी केली, म्हणून मेंढा (लेखा) आठवलं. 2009 मध्ये गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, पण बांबू बाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना लागतो आणि तो देणं ग्रामसभेच्या हाती नव्हतं. 27 एप्रिल 2011 रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हवाली झालं. गावचे पुढारी देवाजी तोफा आणि गावाने कित्येक वर्षं ज्यासाठी चिकाटी धरली, ते त्या पुस्तकात होतं. सत्कार करायचा तर असा करावा. हार दुसऱ्या दिवशी सुकतो, परवान्यावर मात्र गावाची सही चालते.

*

हे लिहू की नको, असं दोन दिवस चाललं होतं.

आमच्या वन समितीला संत तुकाराम वनग्राम योजनेत बक्षीस मिळालं. गावात कार्यक्रम झाला, सूत्रसंचालन माझ्याकडे. व्यासपीठावर पदाधिकारी आणि पाहुणे. वणवा पसरू नये म्हणून दर फाल्गुनात जाळरेषा, म्हणजे गवत-पाचोळा काढून मोकळा पट्टा, काढणाऱ्या सात बायका मंडपात पाणी वाटत होत्या. माझ्या हातातल्या यादीत त्यांची नावं नव्हती आणि मीही ती घेतली नाहीत. ज्या रात्री वणवा शेताच्या बांधापर्यंत आला, त्या रात्री याच बायका निरगुडीच्या ओल्या फांद्यांनी आग झोडपत होत्या. माझ्या काकूच्या लुगड्याचा काठ जळाला होता. ते लुगडं ती अजून नेसते.

यंदा मी समितीच्या बैठकीत विषय काढला. जंगलाच्या वाटेवर फलक लागला, त्यावर सातही नावं. काकूला वाचता येत नाही. तिने अक्षरांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "यातलं माझं कोणतं रे?"

चौथं, काकू.