सँटोरिनीला हनिमून: तिथली कोणती वाइन प्यायची?

कोथरूडकर_नवी_सून
नमस्कार मंडळी, लग्न ऑगस्टच्या शेवटी आहे आणि सप्टेंबरमध्ये आम्ही दोघं ग्रीसला सँटोरिनीला चाललोय. दोघांनाही वाइन आवडते पण अनुभव म्हणाल तर नाशिकच्या वायनरीज आणि घरी कधीतरी शेनिन ब्लाँ ही पांढरी वाइन, एवढाच. तिथे जाऊन फ्रेंच किंवा इटालियन बाटली नाही उघडायची, त्या बेटावरचीच काहीतरी प्यायचीय. काय मागवावं, कुठे जावं, आणि मी शाकाहारी आहे (नवरा मासे खातो) तर सोबत काय खावं, प्लीज सांगा. गोड वाइन मला फार चालत नाही.

द्राक्षबागवाला
अभिनंदन ताई! एक नाव पाठ करून जा, असिर्टिको. त्या बेटाचं मुख्य पांढरं द्राक्ष. वाइन एकदम कोरडी, लिंबासारखी आंबट धार, जिभेवर किंचित खारट चव रेंगाळते आणि अल्कोहोल चांगलंच, १४ टक्क्यांच्या आसपास, त्यामुळे शेनिन ब्लाँच्या सवयीने भराभर पिऊ नका.

पण मी म्हणेन की प्यायच्या आधी वेली बघा. माझी स्वतःची द्राक्षबाग आहे, मांडवावर वेल चढवण्यात आयुष्य गेलं, तिथे मात्र वेल जमिनीलगत गोल गोल वळवून तिची टोपलीच विणतात आणि घड त्या टोपलीच्या आत वाढतात. वारा इतका जबरदस्त की उभी वेल टिकणारच नाही. उन्हाळ्यात पाऊस जवळजवळ नाहीच, समुद्रावरून धुकं येतं त्याचा ओलावा आणि ज्वालामुखीच्या राखेची, प्युमिस दगडाची सच्छिद्र जमीन, एवढ्यावर वेल जगते. सुमारे ३६०० वर्षांपूर्वीच्या मोठ्या उद्रेकाची ती राख. त्यात चिकणमाती जवळपास नाही म्हणून फिलॉक्सेरा, म्हणजे ज्या किडीने १९व्या शतकात युरोपभरच्या बागा उद्ध्वस्त केल्या, ती तिथे टिकलीच नाही आणि वेली अजून स्वतःच्याच मुळांवर आहेत, कलम नाही. टोपली म्हातारी झाली की वरून छाटतात, त्याच जुन्या मुळातून नवा फुटवा येतो. उतारा मात्र फार कमी, त्यामुळे बाटली महाग वाटली तर ती कशामुळे हे तिथे उभं राहिलात की कळेल.

एजियन_भटकी
वरच्या दादांना अनुमोदन. मी युरोपातच राहते, सँटोरिनी माझं आवडतं, म्हणून सविस्तर लिहिते.

साधी असिर्टिको झाली की निक्तेरी मागवा, हीपण मुख्यतः असिर्टिकोचीच पांढरी वाइन. पूर्वी काढणीच्या रात्रीच द्राक्षं गाळायचे, दिवसाची उष्णता लागू नये म्हणून. ही लाकडी पिंपात थोडी मुरवलेली असते, जास्त भरदार. रेड हवी असेल तर माव्रोत्रागानो, हे द्राक्ष जवळजवळ नामशेष झालं होतं, सिगालास आणि हात्झिदाकिस या वाइनमेकर्सनी जपून परत आणलं. आणि गोड चालत नाही म्हणालीस तरी विनसांतोचा एक छोटा ग्लास दोघांत घ्याच. द्राक्षं साधारण दोन आठवडे उन्हात वाळवतात, मग वाइन पिंपात निदान दोन वर्षं. अंजीर, मनुका, कॉफी असा वास येतो पण मूळची आंबट धार शाबूत असते म्हणून गोडाचा कंटाळा येत नाही.

जागा: सांतो वाइन्स ही शेतकऱ्यांची सहकारी वायनरी, पिर्गोस गावाजवळ काल्डेराच्या (ज्वालामुखी खचून झालेल्या, समुद्राने भरलेल्या मोठ्या खळग्याच्या) कड्यावर, सूर्यास्ताला तुफान गर्दी. वेनेत्सानोस पण कड्यावरच, १९४७ची, वीज नव्हती म्हणून इमारत मजल्यामजल्याने खाली उतरत बांधली की रस आपोआप खालच्या टाकीत जाईल, हे मला फार आवडलं. गाइया खाली समुद्रकिनाऱ्यावर जुन्या टोमॅटो फॅक्टरीत आहे. मी म्हणेन सूर्यास्त एकच दिवस करा, बाकी वायनरीज सकाळी करा, तेव्हा माणसं निवांत बोलतात, प्रश्नांना उत्तरं देतात.

आणि साध्या टॅव्हर्नात, म्हणजे तिथल्या खाणावळीत, सुटी वाइन किलोवर मिळते हो, अर्धा किलो म्हणायचं, जगमध्ये येते.

नागपुरी_सावजी
शाकाहाराची चिंताच नको करू ताई. तिथला फावा खा, पिवळ्या डाळीचं मऊ घोटलेलं वरण म्हणा ना, वर कांदा आणि ऑलिव्ह ऑइल. ती डाळ आमच्या विदर्भातल्या लाखोळीच्या जातकुळीतली आहे बरं का! शिवाय तिथल्या छोट्या टोमॅटोंचे पुदिना घातलेले वडे, तोमातोकेफ्तेदेस, आणि पांढरी वांगी. गरम वडे आणि थंड असिर्टिको, दुसरं काही लागत नाही. नवरोबांना ग्रिल केलेला ऑक्टोपस द्या.

कोथरूडकर_नवी_सून
बापरे किती छान माहिती, सगळं नवऱ्याला फॉरवर्ड केलं! लाखोळीचं तर आईला सांगणारे, तिचं माहेर भंडाऱ्याचं. एक विचारायचं राहिलं, तिथे एटीव्ही (ती चार चाकांची बाइक) भाड्याने घेऊन वायनरी ते वायनरी फिरता येईल ना? आणि बाटल्या किती आणता येतात?

एजियन_भटकी
एटीव्ही नको गं, कळकळीने सांगते. रस्ते वळणाचे, वारा जोरदार, आणि वाइन पिऊन तर अजिबातच नाही. फिरा या मुख्य गावातून बस सुटतात, नाहीतर एका दिवसासाठी ड्रायव्हरवाली वाइन टूर घ्या, दोघांनाही मोकळेपणी पिता येईल. भारतात माणशी दोन लिटरपर्यंत ड्युटी फ्री, म्हणजे ७५० मिलीच्या दोन-दोन बाटल्या, पण मग एअरपोर्टवर आणखी काही घेऊ नका, तेही त्यातच धरतात. चेक-इन बॅगेत कपड्यांत गुंडाळून ठेव. एक विनसांतो नक्की घे, नीट ठेवली तर वर्षानुवर्षं टिकते, लग्नाच्या पाचव्या वाढदिवसाला उघडा.