बुडापेस्टला कोण कोण जाऊन आलंय? आठवणी लिहा ना

आंबेडाळ:
आज नानकटाईच्या पिठात चिमूटभर दालचिनी घातली, घरभर वास सुटला आणि एकदम बुडापेस्टच आठवलं. तिथे पिठाची पट्टी जाड लाकडी दांड्याला गुंडाळून फिरवत फिरवत भाजतात, वरून दालचिनी-साखर, हातात घेतलं की आतून वाफा. ते खाऊन आम्ही २ नंबरच्या ट्राममध्ये बसलो, ती पेस्टच्या काठाकाठाने जाते, एका अंगाला डॅन्यूब आणि पलीकडे टेकडीवर बुडाचा किल्ला. तेवढ्यात दिवे लागले. शेवटच्या स्टॉपपर्यंत जाऊन तसेच परत आलो, उठवेचना.

भटका:
पार्लमेंट आतून बघितलंत का? घुमट ९६ मीटर, कारण मग्यार (म्हणजे हंगेरियन) लोक ८९६ मध्ये तिथे आले असं मानतात, सेंट स्टीफन बॅसिलिका हे तिथलं मोठं चर्चही तेवढंच उंच. काम १८८५ ला सुरू झालं, १९०४ ला संपलं, आणि आर्किटेक्ट श्टाइंडल १९०२ लाच गेले हो, पूर्ण झालेली बघायला मिळालीच नाही त्यांना. मला ते फार लागलं.

झुळूक:
तिथून थोडं पुढे काठावर लोखंडी बूट आहेत, ६० जोड. १९४४-४५ मध्ये ज्यू लोकांना बूट काढायला लावून नदीकाठी गोळ्या घातल्या. त्यात लहान मुलांचेही आहेत. आई काही बोलली नाही, आपल्या चपला काढून बाजूला ठेवल्या आणि हात जोडून उभी राहिली, थंडीत, नुसत्या मोज्यांवर. अजून लिहितानाही गलबलतं.

आंबेडाळ:
झुळूक, काकूंना नमस्कार सांग गं.

पूलवाला:
मी सिव्हिलवाला, त्यामुळे साखळी पुलावरच अर्धा दिवस गेला. १८४९ चा, बुडा आणि पेस्टला जोडणारा पहिला कायमचा पूल, शहरं कागदोपत्री एक झाली ती नंतर, १८७३ ला. १९४५ मध्ये माघार घेताना जर्मन सैन्याने शहरातले सगळे पूल उडवले. हा पुन्हा बांधून बरोबर शंभराव्या वर्षी, १९४९ ला उघडला. मोडलेलं असं जिद्दीने उभं करणाऱ्या गावाबद्दल आदरच वाटतो. आणि पुलावरच्या सिंहांना जिभाच नाहीत म्हणतात ना, आहेत, खालून दिसत नाहीत एवढंच.

गूळपोळी:
नानकटाईला तूप किती घेतलंस?

आंबेडाळ:
१ वाटी तूप, १ वाटी पिठीसाखर, २ वाट्या मैदा. तूप फेसून घे आधी, तिथे घाई नको.

रानवारा:
अमृता शेरगिलचा जन्म तिथलाच, १९१३ चा. आणि शाकाहारी लोकांनो, लांगोश खा, भटुऱ्याच्या जातीतला, वर लसणीचं पाणी, आंबट क्रीम नि चीज.

गूळपोळी:
मेमध्ये सासूबाईंना घेऊन चाललोय, गुडघे दुखतात त्यांचे. ट्राम कुठून धरू?

पूलवाला:
यासाई मारी चौकातून, मार्गारेट पुलाच्या पेस्टकडच्या टोकाला. तिथूनच सुटते त्यामुळे जागा मिळते. त्यांना उजव्या खिडकीशी बसवा, नदी त्या बाजूला.