मदत हवी आहे : वहीत बचत दिसते, महिनाअखेरीस शिल्लक मात्र दिसत नाही

नमस्कार. गेले तेरा महिने मी घरखर्चाची वही नेमाने लिहीत आहे, आणि त्या वहीतून जो प्रश्न समोर आला आहे तो मला एकटीला सुटत नसल्यामुळे हा धागा काढला आहे. घरात आम्ही पाच जण आहोत: मी, माझे पती, सासूबाई आणि शाळेत जाणारी दोन मुले. मागच्या वर्षी पतींच्या कामाचे तास कमी झाले आणि घरात येणारा पैसा साधारण पाचव्या हिश्श्याने घटला. त्या वेळी आम्ही सर्वांनी बसून ठरवले की कोणतीही मोठी गोष्ट तोडायची नाही, पण रोजच्या वापरात जिथे जिथे गळती आहे तिथे ती थांबवायची. त्याप्रमाणे आम्ही बरेच काही केले, त्याचा परिणामही मोजला. तरीही महिन्याच्या शेवटी हातात उरणारी रक्कम जवळजवळ पूर्वीइतकीच आहे. नेमके काय चुकते आहे ते कळावे म्हणून आधी काय काय केले ते सविस्तर लिहिते.

सुरुवात विजेपासून केली. घरात 60 वॅटचे जुने तीन दिवे शिल्लक होते, ते काढून 9 वॅटचे एलईडी लावले. दिवा रोज पाच तास चालतो असे धरले, तर जुना दिवा महिन्याला 9 युनिट घेत होता आणि नवा 1.35 युनिट घेतो. हे काम एका दिवसात झाले आणि पुन्हा त्याकडे पाहावे लागले नाही, म्हणून त्याबद्दल अधिक लिहीत नाही.

अंघोळीच्या पाण्याचा हिशेब मात्र मला फार उशिरा कळला. एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला साधारण 4.2 किलोज्यूल ऊर्जा लागते. म्हणजे 15 लिटर पाणी 25 अंशांवरून 45 अंशांपर्यंत नेण्यासाठी सुमारे 0.35 युनिट वीज खर्च होते, आणि पाच माणसांच्या रोजच्या अंघोळीला महिन्याकाठी पन्नासहून थोडी अधिक युनिटे लागतात. त्यात आमचा हीटर दिवसभर चालूच असे. टाकीतले पाणी हळूहळू निवायचे आणि कोणी वापरो वा न वापरो, हीटर ते पुन्हा पुन्हा तापवायचा. आता सगळ्यांच्या अंघोळी सकाळी लागोपाठ होतात, हीटर त्याआधी लावला जातो आणि शेवटची अंघोळ झाली की बंद होतो. एवढ्या एका बदलाने विजेच्या बिलातली युनिटे जितकी कमी झाली, तितकी दुसऱ्या कोणत्याही उपायाने झाली नाहीत.

स्वयंपाकघरात सासूबाईंचा अनुभव कामी आला. कडधान्ये रात्री भिजत घालणे, भांड्यावर झाकण ठेवणे, बुडाला पुरेल इतकीच ज्योत ठेवणे या गोष्टी त्या पूर्वीपासून करत होत्या, मीच घाईत मोडत होते. पाण्याला उकळी फुटल्यावर ज्योत मोठी ठेवली तरी उघड्या भांड्यातले पाणी 100 अंशांच्या वर जात नाही, फक्त वाफ जास्त होते. हे शाळेत शिकले होते, पण चुलीशी उभी असताना कधी आठवले नव्हते. प्रेशर कुकरमध्ये दाबामुळे पाणी साधारण 120 अंशांपर्यंत तापते, म्हणून शिजायला वेळ कमी लागतो. आता एकाच कुकरमध्ये दोन-तीन भांडी लावते.

मोरीतला नळ ठिबकत होता. त्याखाली एक तास भांडे ठेवले तेव्हा त्यात अर्धा लिटर पाणी जमले, म्हणजे दिवसाला 12 लिटर आणि वर्षाला सुमारे 4,400 लिटर. आतला वायसर बदलल्यावर ठिबकणे थांबले.

माझी एक चूकही इथे सांगायला हवी, कारण ती आणखी कोणाची होत असेल तर टळावी असे मनापासून वाटते. मोठे पाकीट नेहमी स्वस्त पडते अशा समजुतीने मी किराणा मोठ्या प्रमाणात भरू लागले. काही महिन्यांनी वहीत टाकून दिलेल्या वस्तूंसाठी वेगळा रकाना आखला, तेव्हा लक्षात आले की मोठे पाकीट वजनाच्या हिशेबाने 15 टक्के स्वस्त असले आणि त्यातला पाचवा भाग किडीमुळे किंवा दमटपणामुळे फेकावा लागला, तर जो भाग प्रत्यक्ष वापरला तो लहान पाकिटापेक्षा सहा टक्क्यांहून अधिक महाग पडतो. शिवाय घरात भरपूर आहे असे दिसले की हात सैल पडतो. साबणाची भुकटी आणि तेल या दोन्ही बाबतींत मला हे स्पष्ट दिसले. आता प्रत्येक वस्तूचा 100 ग्रॅमचा दर काढते आणि टिकणाऱ्या मोजक्या वस्तूच मोठ्या प्रमाणात घेते.

इतके सगळे केल्यावर विजेची युनिटे घटली, गॅस अधिक दिवस पुरू लागला, फेकले जाणारे अन्न जवळजवळ थांबले. रकाने बेरजेनुसार चोख आहेत. तरीसुद्धा तेरा महिन्यांत बँकेतली शिल्लक वाढलेली नाही, आणि दोन वेळा तर आम्हाला क्रेडिट कार्डाचे बिल पूर्ण भरता आले नाही. सासरे हयात असताना म्हणत की दात कोरून पोट भरत नाही. हल्ली ते वाक्य मला वारंवार आठवते आणि मन खट्टू होते.

आता ज्या गोष्टीमुळे मी खरोखर लिहायला बसले ती सांगते. मागच्या आठवड्यात संध्याकाळी घरी आले तेव्हा सासूबाई अंधारात बसलेल्या होत्या, आणि मुलीने अभ्यासाचा दिवा लावण्यापूर्वी मला विचारले, "आई, लावू का?" दोघींनाही मी तसे करायला कधी सांगितलेले नव्हते. पण माझ्या सततच्या मोजण्याचा घरावर काय परिणाम झाला आहे, ते त्या एका प्रश्नाने मला दाखवून दिले. काटकसर करताना घरातल्या माणसांना आपण ओझे आहोत असे वाटू लागले, तर ती मला नको आहे.

जाणकारांना माझे प्रश्न असे आहेत. पहिला, रोजचा खर्च खरोखर घटला असताना शिल्लक का वाढत नाही, आणि ते शोधायचे कसे? दुसरा, कोणत्या छोट्या बचतींकडे लक्ष देणे योग्य आहे आणि कोणत्या निर्धास्तपणे सोडून द्याव्यात? तिसरा, मुलांना आणि वडीलधाऱ्यांना काटकसरीत सामील करून घेताना त्यांच्या मनावर दडपण येऊ नये यासाठी तुमच्या घरी काय करता? वहीतला कोणताही तपशील हवा असल्यास सांगेन.

प्रतिसाद 1

ताई, तुम्ही जे मोजले आहे ते उत्तम आहे, पण तुमच्या लिहिण्यात सगळे रकाने रोजचे आणि महिन्याचे आहेत. वर्षातून एकदा किंवा दोनदा येणारे खर्च वहीत कुठे लिहिता? विम्याचा हप्ता, शाळेचे शुल्क, घरपट्टी, वाहनाची देखभाल, प्रवास, लग्नकार्यातले आहेर हे खर्च दर महिन्याला येत नाहीत, म्हणून आपण त्यांना अचानक आलेले खर्च म्हणतो. प्रत्यक्षात त्यांतल्या बहुतेकांची तारीख आपल्याला आधीच ठाऊक असते. आमच्या घरीही अनेक वर्षे हाच घोळ होता: दहा महिने तोंडमिळवणी नीट व्हायची आणि उरलेले दोन महिने मागची सगळी बचत गिळून टाकायचे.

आम्ही अशा खर्चांची यादी करून प्रत्येकाची वर्षाची रक्कम लिहिली, बेरजेला बाराने भागले आणि येणारा आकडा पगार झाल्याच्या दिवशीच वेगळ्या खात्यात टाकायला सुरुवात केली. पहिल्या वर्षी एक काळजी घ्यावी लागते. जो खर्च चार महिन्यांवर आला आहे त्याला बाराने न भागता चाराने भागावे लागते, त्यामुळे सुरुवातीचे महिने जड जातात. ते जड जाणार हे घरातल्या सर्वांना आधीच सांगून ठेवावे.

दुसरी गोष्ट क्रेडिट कार्डाची. बिल पूर्ण न भरल्यास लागणारे व्याज महिन्याला 3 टक्के असेल, तर चक्रवाढीने ते वर्षाला 42 टक्क्यांच्या पुढे जाते. शिवाय बाकी राहिलेली असताना नव्या खरेदीवरही सहसा पहिल्या दिवसापासूनच व्याज सुरू होते, बिनव्याजी मुदत मिळत नाही. दिवे आणि नळ यांतून वाचलेले सगळे त्या एका ओळीत जात असण्याची शक्यता मला मोठी वाटते. बाकी शून्य होईपर्यंत ते कार्ड कपाटात ठेवावे, असे मी आग्रहाने सांगेन.

प्रतिसाद 2

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तुमच्याच आकड्यांत आहे. मुलीचा दिवा 9 वॅटचा असेल आणि ती रोज तीन तास अभ्यास करत असेल, तर पूर्ण महिन्यात 0.81 युनिट वीज लागते. तुम्ही दिलेल्या हिशेबानुसार एका अंघोळीचे पाणी तापवायला जितकी वीज लागते, तितक्यात तिचा दिवा जवळजवळ तेरा संध्याकाळी जळेल. हे तिला आकड्यांनिशी दाखवा. मुलांना नुसते "लाव गं" म्हटले की त्यांना ते आईने केलेले औदार्य वाटते, पण हिशेब समजला की त्यांची भीती जाते. सासूबाईंच्या खोलीतला दिवा तर तुम्ही स्वतःच जाऊन लावावा.

मोबाईलचा चार्जर काढून ठेवणे ही अशीच एक गोष्ट आहे, जिच्यावरून घरोघरी वाद होतात. फोन रोज एकदा पूर्ण चार्ज केला तरी महिन्याला एका युनिटापेक्षा कमी वीज लागते. उलट बंद दिसणारे पण आतून 10 वॅट घेत राहणारे एखादे जुने उपकरण चोवीस तास जोडलेले असेल, तर ते महिन्याला 7.2 युनिटे खाते. प्लगमध्ये लावायचे वीजमापक मिळते. ते कोणाकडून तरी आठवडाभर मागून घ्या, एकेका उपकरणाला लावा आणि आकडे लिहून ठेवा. छताचा जुना पंखा साधारण 75 वॅट घेतो आणि नव्या बीएलडीसी प्रकारचा, म्हणजे कमी वीज घेणाऱ्या ब्रशविरहित मोटरचा, 30 वॅटच्या आसपास. रोज बारा तास चालणाऱ्या एका पंख्यामागे महिन्याला सोळा युनिटांचा फरक पडतो. पण चालू पंखा केवळ यासाठी काढू नये, तो बिघडला की नवा घेताना हे लक्षात ठेवावे. फ्रिजच्या दाराचे रबरही तपासा: दारात कागद धरून दार लावा, कागद सहज ओढून निघत असेल तर थंडावा बाहेर जात आहे.

माझ्या मते ज्या गोष्टी एकदा केल्या की पुन्हा लक्षात ठेवाव्या लागत नाहीत, त्या आधी कराव्यात. रोज कोणाला तरी टोकावे लागते अशा उपायातून महिन्याला एक युनिटही वाचत नसेल, तर तो आजच सोडून द्यावा.

धागाकर्तीचा प्रतिसाद

दोघांचेही मनःपूर्वक आभार. पहिला प्रतिसाद वाचून काल रात्री वही पुन्हा काढली. वार्षिक खर्च मी शेवटच्या पानावर "इतर" म्हणून लिहीत होते आणि महिन्याच्या बेरजेत धरतच नव्हते. ते पान पहिल्यांदाच एकत्र जोडले, तेव्हा लक्षात आले की तेरा महिन्यांत विजेतून, गॅसमधून आणि किराण्यातून मिळून जे वाचले, त्याच्या जवळजवळ तिप्पट रक्कम त्या एका पानावर आहे. कार्डावरचे व्याजही तिथेच होते. पतींना दाखवले. त्यांनी कार्ड माझ्याकडे दिले, आणि येत्या पगारापासून वेगळे खाते सुरू करायचे आम्ही ठरवले आहे. शाळेचे शुल्क पाच महिन्यांवर आहे, म्हणून त्याला पाचाने भागले आहे. आकडा जड आहे, पण पूर्वी तो ऐन वेळी समोर यायचा, आता आधी दिसतो आहे.

मुलीबरोबर बसून दिव्याचा हिशेब केला. तिने तो स्वतः पुन्हा मांडला, मग आजीच्या खोलीतल्या दिव्याचाही केला आणि तो कागद आजीला वाचून दाखवला. आज संध्याकाळी दोन्ही खोल्यांत उजेड होता.

एक अडचण मात्र उरली आहे. शुल्क आणि विमा यांची तारीख आणि रक्कम ठाऊक असते, पण दुरुस्ती आणि औषधोपचार यांना ना तारीख ना आकडा. गेल्या तेरा महिन्यांत दुरुस्तीवर तीन वेळा खर्च झाला, त्यातली एक रक्कम बाकी दोन्हींच्या चौपट होती. अशा खर्चासाठी महिन्याचा हिस्सा सरासरीने ठरवावा की सर्वांत मोठ्या खर्चाच्या हिशेबाने, आणि कार्डाची बाकी फिटेपर्यंत तो हिस्सा बाजूला काढावा की आधी बाकीच फेडावी? ज्यांनी हे प्रत्यक्ष केले आहे त्यांनी कृपया आपला अनुभव सांगावा.