काळ्या मातीची पाणंद आणि थार: ए/टी पुरतील की एम/टीच घ्यावेत?

बार्शीलाइट (मूळ प्रश्न)

माझ्याकडे २०२१ ची डिझेल थार आहे, हार्डटॉप, २५५/६५ आर १८ मापाच्या मूळच्या ऑल-टेरेन (ए/टी, म्हणजे डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींसाठीच्या) टायरांसह. गाडी ५२,००० किलोमीटर चालली असून मागच्या टायरांच्या नक्षीची खोली ३ मिलिमीटरच्या आत आली आहे. नियमाने १.६ मिलिमीटरपर्यंत मुभा असली, तरी या टायरांवर आणखी एक पावसाळा काढण्याची माझी तयारी नाही.

माझे राहणे पुण्यात आणि शेती बार्शी तालुक्यात. महिन्यातून दोन खेपा होतात. प्रत्येक खेपेला जाऊन-येऊन सव्वाचारशे किलोमीटर डांबर आणि शेवटची पावणेदोन किलोमीटरची पाणंद, तीही अस्सल काळ्या मातीची. गेल्या वर्षी परतीच्या पावसात याच पाणंदीत गाडी अशी रुतली, की फोर-लो (चारही चाकांना कमी वेगात जास्त ताकद देणारी गती) आणि पहिला गिअर टाकूनही जागची हलेना. उतरून पाहिले, तर चारही टायरांच्या खाचा चिखलाने गच्च भरून टायर लिंपलेल्या भिंतीसारखे गुळगुळीत झाले होते. शेवटी शेजाऱ्यांच्या ट्रॅक्टरने ओढून काढावे लागले आणि वस्तीवर तो विषय दिवाळीपर्यंत पुरला.

आता दुकानदार सांगतो की मड-टेरेन (एम/टी, म्हणजे खास चिखलासाठीचे) घ्या आणि माप एक पायरी वाढवा. एम/टी टायर डांबरावर आवाज करतात हे ऐकून आहे, परंतु ज्यांनी ते खरोखर तीन-चार वर्षे वापरले आहेत त्यांचा अनुभव मला हवा आहे.

गोदाकाठ (परभणी)

जिप्सीवर मी एम/टी टायर चार पावसाळे वापरले आहेत, त्यामुळे त्यांची बाजू आधी मांडतो. एम/टीचे बळ खाचा खोल असण्यापेक्षा मोकळ्या असण्यात आहे, कारण चाक वेगाने फिरले की खाचेतली माती बाहेर फेकली जाते आणि नक्षीच्या ठोकळ्यांना पुन्हा धार मिळते. मात्र त्यासाठी चाक फिरायला हवे, आणि तुमची चूक, राग मानू नका, नेमकी तिथेच झाली असावी. फोर-लोच्या पहिल्या गिअरमध्ये चाक इतके सावकाश फिरते की कोणताही टायर स्वतःला साफ करू शकत नाही. काळ्या मातीत फोर-लोचा दुसरा किंवा तिसरा गिअर घ्यावा आणि रुतण्याआधीच गती राखावी. एकदा थांबून चाक जागच्या जागी गरगरू लागले की पाय लगेच काढावा, नाहीतर गाडी स्वतःच्या हाताने खड्डा खणते.

दुसरी गोष्ट मातीची. मृगाच्या पावसात वरची चार बोटे भिजलेली असतात आणि खाली जमीन टणक असते. तेव्हा अरुंद टायर चिखल कापून तळाला टेकतो. माझी हजार किलोच्या आतबाहेरची जिप्सी अशा वेळी मोठ्या गाड्यांना मागे टाकून जात असे. परतीच्या पावसापर्यंत मात्र ही माती खोलवर पाणी पिऊन फुगलेली असते, तळ म्हणून काही उरत नाही, आणि तिथे एम/टी असलेली गाडीही अडकते. दोनदा अडकलो आहे.

शिवाय चिखल केवळ टायरला लागत नाही, तो चाक आणि मडगार्ड यांच्या फटीत थरावर थर बसतो. आमच्याकडे पावसाळ्यात सायकलींची मडगार्डे काढून ठेवत, ती उगाच नव्हे. मोठे टायर घातले की हीच फट कमी होते, आणि अशा वेळी मी पहारीने चिखल खरवडून काढलेला आहे. दुकानदार तेवढे सांगणार नाही.

डांबरावरचे सांगायचे, तर पहिले १५,००० किलोमीटर आवाज सोसवला. नंतर ठोकळ्यांच्या कडा करवतीसारख्या एका बाजूने झिजल्या आणि सत्तरच्या वेगाला गाडीत बोलणे कठीण झाले. महिन्याला साडेआठशे किलोमीटर डांबर आणि सात किलोमीटर चिखल हे तुमचे गणित असेल, तर मी एम/टी घेणार नाही. एक-दोन दिवस वाफसा येण्याची, म्हणजे माती पुरेशी सुकण्याची, वाट पाहीन.

तळकोकण

माझ्या जिम्नीवर मूळचे १९५/८० आर १५ मापाचे हायवे टायर होते. ते काढून २१५/७५ आर १५ चे ए/टी घातले, त्याला आता ३०,००० किलोमीटर झाले. आमच्याकडे काळी माती नाही, जांभा आहे. ओल्या जांभ्यावर ए/टीची पकड उत्तम मिळते, पण चिऱ्यांच्या खाणीकडे जाणाऱ्या वाटांवर चाकोरीच्या कडेला तुटलेल्या चिऱ्यांची टोके उभी असतात आणि ती टायरची बगल, म्हणजे बाजूची भिंत, कापतात. तळव्यातले पंक्चर आपण दोरी ठोकून दहा मिनिटांत काढतो. बगलेला चीर गेली, की तो टायर गेला. म्हणून खरेदी करताना नक्षीइतकीच बगलेच्या थरांची चौकशी करावी, असे माझे मत झाले आहे. त्याच वेळी बाराशे किलोच्या आसपासच्या जिम्नीला ट्रकच्या धर्तीचा कडक एल/टी टायर घालण्यातही अर्थ नाही. एका मित्राने तसा घातला आणि आता त्याला रस्त्यावरची खडी मोजता येते.

माप वाढवून काय मिळाले, तेही प्रामाणिकपणे सांगतो. व्यास ६९३ वरून साधारण ७०३ मिलिमीटर झाला, म्हणजे जमिनीपासूनची उंची जेमतेम ५ मिलिमीटरने वाढली. गाडी दिसते छान, हे मान्य.

खरा फरक पडला तो हवा कमी करायला शिकल्यावर. कच्च्या वाटेला लागताना हवेचा दाब २० पीएसआयपर्यंत उतरवतो. टायर रुंदीपेक्षा लांबीत पसरतो, जमिनीवर टेकणारा पट्टा वाढतो आणि दगडावर तो कापला जाण्याऐवजी वाकतो. पंधराच्या खाली मात्र जात नाही, कारण वळताना टायर रिमवरून सुटू शकतो. परत डांबरावर आलो की बॅटरीला चिमटे लावून छोट्या कॉम्प्रेसरने हवा भरतो. एका टायरला पाचेक मिनिटे लागतात, तेवढ्यात चहा होतो.

एम/टी मी मित्राच्या गाडीवर आंबोली घाटात चालवून पाहिले आहेत. धुके, ओले डांबर आणि उतार अशा वेळी त्या मोठ्या ठोकळ्यांचा रस्त्याशी संपर्क कमी पडतो, आणि ब्रेक दाबल्यावर गाडी माझ्या अंदाजापेक्षा पुढे जाऊन थांबली. तुम्ही कुटुंबासह रात्री सोलापूर रस्त्याने येत असाल, तर याचा विचार पाणंदीच्या आधी करावा.

बार्शीलाइट

दोघांचेही आभार. पहिल्या गिअरचा मुद्दा वर्मी लागला. मापाविषयी मात्र अजून संभ्रम आहे. २६५/६५ आर १८, किंवा रिम बदलून २८५/७० आर १७, असे दोन पर्याय मला सुचवले गेले आहेत.

कॅम्बर (सातारा)

टायर विकणे हाच माझा धंदा आहे, त्यामुळे माझे म्हणणे त्या हिशेबानेच वाचावे. तुमच्या मूळ टायरचा व्यास सुमारे ७८९ मिलिमीटर येतो. २६५/६५ आर १८ चा येतो ८०२, म्हणजे दीड टक्क्याच्या थोडा वर. मीटरवर १०० दिसेल तेव्हा गाडी १०१ ते १०२ ने धावत असेल. हे खपून जाते. २८५/७० आर १७ चा व्यास ८३१ येतो, म्हणजे सव्वापाच टक्के जास्त. मग मीटर खोटे बोलते, वजनामुळे उचल मंदावते, स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर आत घासण्याची शक्यता असते आणि वर गोदाकाठ यांनी सांगितलेली फटही बुजते. मूळ रचनेत असा मोठा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ च्या कक्षेत येऊ शकतो, आणि अपघातानंतर विमा कंपनीचा सर्वेक्षक पहिल्यांदा टायरच पाहतो.

बगलेवरचे शेवटचे आकडे आणि अक्षर जरूर वाचा. १११ असेल तर त्या टायरची भारक्षमता १,०९० किलो, आणि पुढे क्यू असेल तर वेगाची मर्यादा ताशी १६० किलोमीटर. एम/टी बहुधा क्यू असतात. मूळ टायरपेक्षा कमी भारक्षमतेचा टायर कोणी स्वस्तात देत असेल, तर घेऊ नये.

आणखी एक, पाचवा टायरही त्याच मापाचा घ्या. थारमध्ये फोर-व्हील गुंतवल्यावर पुढचा आणि मागचा आस एकत्र बांधला जातो. चाकांचे व्यास वेगळे असतील तर तो ताण ट्रान्सफर केसवर, म्हणजे दोन्ही आसांना ताकद वाटणाऱ्या पेटीवर, येतो. दर ८,००० ते १०,००० किलोमीटरला पाचही टायर आलटून पालटून लावले तर सगळे बरोबरीने झिजतात.

वाळूचर (शारजा)

विषय थोडा बाजूला नेतो, पण गोदाकाठ यांच्या मातीच्या मुद्द्याला जोडून आहे. इथल्या वाळूत नवखी मंडळी हौसेने एम/टी घालून येतात आणि सर्वांत आधी रुततात, कारण मोकळे ठोकळे वाळू उकरतात. आम्ही साध्या नक्षीच्या ए/टीवर, १२ ते १५ पीएसआय हवेत, टेकड्या चढतो. वळणे अर्थातच अलगद घ्यावी लागतात. चिखलात जो टायर राजा, तोच इथे फावडे.

बार्शीलाइट

निर्णय घेतला आहे. मूळ मापाचेच पाच ए/टी टायर आणि एक कॉम्प्रेसर. काल दुकानात गेलो, तेव्हा समोर ठेवलेल्या दोन टायरांवर चार आकडी शिक्का १४२१ होता, म्हणजे २०२१ सालच्या चौदाव्या आठवड्यातला माल. बाकीचे तीन याच वर्षीचे होते. ते दोन बदलून मागितल्यावर आठवडाभर थांबा असे सांगितले, थांबतो आहे.

एम/टी टायर आणि नव्या रिम यांसाठी बाजूला ठेवलेले पैसे वाचले, ते घेऊन रविवारी वस्तीवर गेलो. पाणंदीला लागून असलेल्या पाच शेतकऱ्यांनी वर्गणी मान्य केली, तर सर्वांत वाईट अशा तीनशे फुटांवर मुरूम टाकता येईल. चार जण तयार आहेत. पाचवे म्हणजे ट्रॅक्टरवाले शेजारी, त्यांना घाई दिसत नाही.