बारा वर्षांखालच्या पोरांना प्रेसिंग शिकवायचं का नाही?

कृष्णाकाठ:
"बारा वर्षांखालच्या पोरांना टीमनं प्रेस करायला लावणारे कोच फक्त कपाच्या मागं लागलेत, पोरांना बॉलबरोबर खेळू द्या" असं परवा इथं एकानं लिहिलं. प्रेस म्हणजे फुटबॉलमध्ये बॉल समोरच्या टीमकडं असताना सगळ्यांनी मिळून पुढं जायचं, त्यांना घेरायचं आणि बॉल हिसकावायचा. मी सहा वर्षं सांगलीत रोज सकाळी पोरं खेळवतोय, त्यामुळं हे मनाला लागलं. न शिकवता काय होतं बघा. बॉल समोरच्या बॅककडं गेला की आपला स्ट्रायकर एकटाच सुसाट सुटतो, बॅक निवांत बाजूच्याला देतो, हा परत तिकडं पळतो, आणि मागची पोरं कमरेवर हात ठेवून बघत राहतात. दहा मिनिटांत ते पोरगं दमतं आणि बाहेरून बाप ओरडतो, "पळ की रं!" अहो, कधी पळायचं नाही हेच तर शिकवायचंय. मी तीनच खुणा सांगतो. समोरच्याचा टच लांब गेला, त्यानं मागं पास दिला, किंवा तो साइडलाइनला आपल्याकडं पाठ करून बॉल घेतोय, तेव्हाच जायचं. पहिल्यानं सरळ न जाता वाकडं धावायचं म्हणजे आतल्या पासची वाट त्याच्या पाठीमागं झाकली जाते, दुसऱ्यानं जवळचा माणूस धरायचा, बॅक लाइननं वर सरकायचं. एक जरी मागं राहिला तरी सगळं फुकट. कोच साकीच्या मिलाननं, म्हणजे इटलीतल्या क्लबनं, १९८९ आणि १९९० ला लागोपाठ युरोपियन कप मारला तो याच शिस्तीवर, पहिल्या माणसापासून शेवटच्यापर्यंत २५ मीटरच्या आसपास अंतर ठेवून.

मिरजेचा_विंगर:
दादा, ते लिहिणारा मीच. साकीकडं बारेसी आणि माल्दिनीसारखे भारी डिफेंडर होते, आपल्याकडं सहावीतली पोरं आहेत आणि ग्राउंडवर खडी. बॉल गुडघ्याएवढा उसळतो, कुणाचाच पहिला टच बसत नाही, मग चार पोरं अंगावर सोडली की बॉल मिळणारच, त्यात कोचिंग काय? आमचा गोलकीपर जवळ पास द्यायचं शिकत होता. एका मॅचला समोरच्यांनी बॉक्सच्या तोंडावरच गराडा घातला, ५-० नं हरलो. त्या दिवसापासून ते पोरगं डोळे मिटून लांब किक मारतंय, कितीही समजावलं तरी. अमेरिकेत नऊ-दहा वर्षांखाली २०१७ पासून बिल्ड-आउट लाइन आहे, गोलकिकला विरुद्ध टीम त्या लाइनच्या मागं जाते. त्यांना काय प्रेसिंग कळत नाही म्हणून?

कोपरा_रक्षक:
फुटबॉलवाल्यांनो, हे सगळं आमच्या कबड्डीत आजोबांच्या काळापासून आहे. साखळी हातात हात घालून सरकते, रेडरला आत घेते, कोपरा पकडीला गेला की कव्हर त्याच क्षणी पडला पाहिजे. एकटा कोपरा गेला तर पॉइंट गेला. पोरांना आधी दोन महिने कबड्डी खेळवा, प्रेस आपोआप येईल.

मिरजेचा_विंगर:
नाही येणार. रेडर एकटा असतो, त्याला पास द्यायला कोण आहे? फुटबॉलमध्ये बॉल माणसापेक्षा जोरात पळतो, सगळा घोळ तिथंच आहे.

पाटीवरची_ताई:
कबड्डी नाही, खो-खो. मी शाळेत असताना विभागीयपर्यंत खेळले, सातारा जिल्ह्याकडून. पाठलाग करणारीला एकदा दिशा घेतली की उलटं वळता येत नाही, म्हणून ती पळणारीला खांबाकडं रेटते, आणि बसलेल्यांनी कुठं खो घ्यायचा ते आधीच हेरलेलं असतं. साइडलाइनला कोंडणं म्हणजे हेच. पळणारी एकेरी साखळी खेळायला, म्हणजे बसलेल्या प्रत्येकीच्या मधून नागमोडी पळायला लागली की एकटीच्या पायांनी ती सापडत नाही, खो वेळेवर लागतो.

कोपरा_रक्षक:
ताई, खो-खोत बसलेले आठजण खो मिळेपर्यंत उठूच शकत नाहीत. सगळे एकदम हलणं कुठं आलं त्यात? उगाच काहीही जोडू नका.

पाटीवरची_ताई:
"काहीही"? खो-खोला नेहमी असंच बोललं जातं. कबड्डीला टीव्ही आला, पैसा आला, चांगलं झालं. पण आमची मैदानं कुठं गेली विचारा. ज्या पटांगणात मी खांबावर सूर मारायला शिकले तिथं आता जाळी लावून टर्फ केलंय, तासाला पैसे मोजायचे. माझ्या भाचीला सरावाला रस्त्याकडेची जागा मिळते, तिथं सूर मारला तर कोपर सोलतं. हे सांगताना मला त्रास होतोय आणि तुम्ही म्हणताय उगाच.

कोपरा_रक्षक:
मैदानाचं मान्य, शंभर टक्के. आमची मॅटपण २०१९ च्या पुरात गेली, वर्षभर पोरं मातीत खेळली. शब्द चुकला माझा. पण कबड्डीच्या साखळीवर मी ठाम आहे.

विश्रामबागचा_बाप:
मूळ मुद्द्यावर या की. माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे. प्रेसिंग शिकल्यापासून तो मॅच बघताना सांगतो, "पप्पा, बघा, आता जाणार." आधी नुसता बॉलमागं पळायचा. पण मे महिन्याच्या शिबिरात साडेदहाच्या उन्हात त्याच त्या धावा काढायला लावल्या, घरी येऊन उलटी केली. यावर बोला दोघंही.

कृष्णाकाठ:
उन्हात धावा काढणं म्हणजे प्रेसिंग नव्हे, ते चूकच. आम्ही आधी चालत करतो. बॉल मी हातात धरून सरकवतो, पोरं चालत जागा बदलतात, मग चार विरुद्ध चार, आठ मिनिटं, बास. आणि विंगर, तुझ्या गोलकीपरचं वाचून मी गप्प झालो. आमच्या पोरांनीपण असं कुणाला तरी केलं असणार. दहा वर्षांखाली गोलकिकला मागं सरकायचा नियम इथं आला तर मी सही करायला तयार आहे. अकरापासून मात्र शिकवणारच.

मिरजेचा_विंगर:
चालत करता हे आधी लिहायचं होतं, मी एवढा भडकलो नसतो. अकरा-बाराला तीन खुणा ठीक आहेत. पण माझी अट आहे, जी टीम प्रेस शिकते तिला त्याच आठवड्यात प्रेसमधून बाहेर पडायलापण शिकवा. गोलकीपरला तिसरा माणूस कुठं सुटलाय ते दिसलं पाहिजे. नुसतं हिसकावणं शिकलेली पोरं बॉल मिळाल्यावर करतात काय, लांब किक!

कृष्णाकाठ:
ते बरोबर आहे. त्यात आम्ही कच्चे आहोत.