टॅलीवाल्या छोट्या ऑफिसात दोन दिवस घरून काम: सोय कशी लावावी?

नटबोल्ट
बुधवार पेठेत ऑफिस, हार्डवेअरचा होलसेल धंदा, माणसं ८. अकाउंट्सच्या दोघी वाघोली आणि तळेगावहून येतात, त्यांना आठवड्यातले दोन दिवस घरून काम द्यायचंय. टॅली गोल्ड आहे, डेटा एका पीसीवर, बाकीचे लॅनवर. प्रायव्हेट लिमिटेड, जीएसटी दरमहा. सगळं क्लाउडवर न्यावं की आहे त्यात भागेल? आणि स्क्रीनचे फोटो काढणारं सॉफ्टवेअर घ्यावं का?

खतावणी
आहे त्यात आरामात भागेल. दोघींचे ऑफिसातले पीसी चालू ठेवायचे आणि घरून रिमोट डेस्कटॉपने (दूरून ऑफिसचा पीसी स्क्रीनवर चालवायची विंडोजमधली सोय) ज्याने त्याने आपापल्या पीसीवर यायचं. विंडोज प्रोवर एका वेळी एकच माणूस बसू शकतो, दुसरा आला की पहिला बाहेर फेकला जातो. म्हणून एकच पीसी दोघींत वाटू नका.

व्हीपीएन (घर आणि ऑफिस जोडणारी नेटवरची खाजगी वाट) लावून घरच्या लॅपटॉपवरची टॅली थेट ऑफिसच्या डेटा फोल्डरला जोडायचा मोह होईल. तो टाळा. प्रत्येक व्हाउचरला ताटकळत बसावं लागतं, आणि एंट्री सेव्ह होताना नेट तुटलं तर डेटा करप्ट होऊ शकतो.

तारवाला
एक राहिलं. राउटरवर ३३८९ पोर्ट (रिमोट डेस्कटॉपचं बाहेरून यायचं दार) उघडून देणारे 'कॉम्प्युटरवाले' पेठेत अजून भेटतात. ते अजिबात करू देऊ नका, रॅन्समवेअर (डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) बरेचदा याच दारातून आत येतं. त्यापेक्षा व्हीपीएनमधूनच या. वायरगार्ड या व्हीपीएनला ऑफिसच्या कनेक्शनचा स्वतःचा पब्लिक आयपी (नेटवरचा पत्ता) लागतो, पण बरेच केबल इंटरनेटवाले एका आयपीवर अनेक गिऱ्हाइकं बसवतात. तसं असेल तर टेलस्केल हा व्हीपीएन टाका, पोर्ट उघडायची गरजच नाही.

आता लाइट. आपल्याकडे महावितरणची दुरुस्ती बहुधा गुरुवारी, म्हणून घरून कामाचा वार गुरुवार ठेवू नका: ऑफिस, वाघोली, तळेगाव यांपैकी एका ठिकाणी जरी लाइट गेली तरी काम अडलं. बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) 'रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस' हे 'पॉवर ऑन' करा, म्हणजे लाइट आली की पीसी आपोआप सुरू होतो. यात एक गोम आहे. यूपीएसने पीसी रीतसर बंद केला आणि यूपीएसची बॅटरी संपायच्या आत लाइट आली, तर लाइट गेली होती हे बायोसला कळतच नाही आणि पीसी बंदच राहतो. त्यासाठी बायोसमध्येच रोज सकाळी ९:१५ चा अलार्म लावून ठेवा. विंडोजमधली स्लीप 'नेव्हर' करा, मॉनिटर खुशाल बंद ठेवा.

राउटर आणि फायबरच्या डबीला १२ व्होल्टचा मिनी यूपीएस लावा. तपकीर गल्लीत मिळेल. अडॅप्टरवरचे अँपिअर बघून घ्या, डबी आणि राउटर मिळून जास्त ओढत असतील तर दोन वेगळे.

शिक्कामोर्तब
कंपनी आहे म्हणजे जीएसटी रिटर्नला डीएससी (पेन ड्राइव्हसारख्या टोकनमधली डिजिटल सही) लागणार, आणि गाडी नेमकी तिथेच अडते. टोकन ऑफिसच्या पीसीला लावलेलं असलं तरी रिमोट डेस्कटॉपच्या सेशनला ते दिसत नाही, कारण सेशन घरच्या मशीनला लावलेलं टोकन शोधतं. टोकन संचालकांकडेच ठेवा. ११ तारखेचं जीएसटीआर-१ आणि २० चं ३बी, दोन्ही ऑफिसातूनच भरा. घरून फार तर जुळवाजुळव आणि रिटर्नची जेसन फाइल (पोर्टलवर चढवायची) तयार करणं. टोकनवर पिन चिकटवून ते अकाउंटंटच्या खणात ठेवायची पद्धत जितक्या लवकर मोडेल तितकं बरं.

खतावणी
फोटो काढणाऱ्या सॉफ्टवेअरवर पैसे घालवू नका. माणूस माउस हलवत बसतो आणि कामाचा पत्ता लागत नाही. टॅलीत प्रत्येकीचं वेगळं लॉगिन करा. एडिट लॉगमध्ये कोणी कुठलं व्हाउचर केव्हा बदललं ते दिसतं, आणि कंपन्यांना १ एप्रिल २०२३ पासून तशी नोंद ठेवणं बंधनकारकच आहे. संध्याकाळी ग्रुपवर तीन ओळी मागा: किती खरेदी बिलं चढवली, बँक कुठपर्यंत जुळली, काय अडलं. तिसरी ओळ सगळ्यात कामाची. खरेदीची कागदी बिलं मात्र पोऱ्याने दुपारी ४ च्या आत स्कॅन करून फोल्डरला टाकली पाहिजेत, नाहीतर घरी बसलेली बाई नुसती वाट बघणार.

नटबोल्ट
घरचे लॅपटॉप विंडोज होमचे आहेत. चालतील?

तारवाला
चालतील. प्रो फक्त ऑफिसच्या पीसीवर लागतं. रिमोट डेस्कटॉपच्या सेटिंगमध्ये ड्राइव्ह आणि क्लिपबोर्ड बंद करा, घरच्या पोरांच्या पेन ड्राइव्हमधला व्हायरस त्याच वाटेने ऑफिसात येतो. डेटाचा रोज रात्री बॅकअप, आणि एक प्रत अशा डिस्कवर जी कामापुरतीच जोडली जाते. हे सगळं २१ तारखेनंतर सुरू करा, म्हणजे पुढच्या ७ तारखेच्या टीडीएस भरण्यापर्यंत हात बसलेला असेल.